पैठणीचा फोटो शब्दांत कसा लिहायचा: टायटल, मेटा टॅग आणि ऑल्ट टेक्स्ट

मागच्या श्रावणात एका दुपारी नाशिकहून एका गृहस्थांचा फोन आला. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आला होता आणि बायकोला पैठणी घ्यायची होती. म्हणाले, "ताई, मला दिसत नाही. माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो. तुमच्या साइटवर पैठण्या आहेत एवढं कळलं. पण फोटोवर बोट नेलं की तो नुसते आकडे वाचतो. आयएमजी ४४७१. पुढे सरकलो की आयएमजी ४४७२. यातली हिला शोभेल अशी कुठली?"

मी पंधरा-वीस मिनिटं त्यांना एकेक साडी सांगत बसले. रंग, काठ, पदर, अंगावरची बुट्टी. त्यांचे प्रश्न नेमके होते. काठ किती रुंद आहे? मोर फक्त पदरावर की काठावरही? डाळिंबी म्हणजे लालकडे झुकणारा ना? शेवटी त्यांनी डाळिंबीच घेतली. फोन ठेवला आणि मला चुटपुट लागली, कारण मी त्यांना जे तोंडी सांगितलं त्यातलं एक अक्षरही साइटवर नव्हतं. त्यांच्या फोनला जे मिळालं नाही, ते गूगललाही मिळत नव्हतं.

आमचं घर येवल्यातलं, विणकरांचं. काका मागावर बसतात, वडील दुकान बघतात, साइट माझ्याकडे. त्या फोननंतर मी साइटचे सगळे फोटो आणि सगळी पानं नव्यानं लिहून काढली. ते काम कसं केलं, कुठे अडले, ते इथे सांगते. पैठणीच्या जागी तुमचा हापूस, तुमच्या चपला किंवा तुमचा गाण्याचा क्लास ठेवा. पद्धत तीच राहते.

आधी पान वाचता येतंय का ते बघा

आमची पहिली साइट ज्यांनी करून दिली होती, त्यांनी मजकूर जुन्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठीच्या, फॉन्टमध्ये टाकला होता. पडद्यावर 'पैठणी' असं स्वच्छ दिसायचं, आत मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. गूगल आतलं वाचतं. त्याच्या लेखी आमच्या पानावर पैठणी हा शब्दच नव्हता. तुमची साइट जुनी असेल तर हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. पानावरचं एक वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, म्हणजे कुठल्याही फोनला किंवा कॉम्प्युटरला वाचता येईल अशा लिपीच्या संकेतात. भलतंच काही उमटलं तर आधी तो युनिकोडमध्ये करून घ्या. तोवर पुढच्या कशालाच हात लावू नका.

दुसरी तपासणी रोबोट्स नावाच्या मेटा टॅगची. मेटा टॅग म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेली, वाचकाला न दिसणारी सूचना. आमची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. त्यात सेटिंग्जच्या 'रीडिंग' पानावर खाली एक चौकोन असतो. सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये, अशा अर्थाचा. साइट अर्धवट असताना तिथे टिक करून ठेवतात, ते ठीकच आहे. पण साइट चालू केल्यावर टिक काढायची राहिली, तर प्रत्येक पानाच्या डोक्यात 'नोइंडेक्स' (noindex) असा शब्द जातो आणि गूगल ते पान निकालात दाखवत नाही. आमची राहिली होती. नवी साइट दसऱ्याच्या आधी सुरू केली, दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, आणि शोधून एकही माणूस आला नाही. पैठणीच्या धंद्यात हे दोन महिने म्हणजे काय, ते दुकानदाराला सांगायला नको.

म्हणून पान कॉम्प्युटरवर उघडा, कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबा. पानाचा कोड दिसेल. त्यात 'नोइंडेक्स' शोधा. विक्रीच्या पानावर तो नसलाच पाहिजे. 'ऑर्डर मिळाली, धन्यवाद' अशा पानावर मात्र तो मुद्दाम ठेवा, कारण ते पान कुणी शोधून यायचं नसतं. आणि ज्या पानावर नोइंडेक्स ठेवला आहे ते रोबोट्सच्या फाइलमध्ये (robots.txt, सर्च इंजिनांनी कुठे येऊ नये ते सांगणारी फाइल) अडवू नका. गूगलला आत येऊच दिलं नाही, तर आत लिहिलेला नोइंडेक्स ते वाचणार कसं?

तिथेच आणखी दोन टॅग नजरेखालून घाला. एक अक्षरसंचाचा, त्यात यूटीएफ-८ असावं आणि तो पानाच्या अगदी सुरुवातीला असावा. दुसरा व्ह्यूपोर्टचा, ज्यामुळे पान मोबाइलच्या रुंदीत बसतं. आजच्या बहुतेक तयार थीममध्ये हे दोन्ही असतात.

'कीवर्ड्स' नावाचा मेटा टॅगही सापडेल. आमच्या जुन्या साइटवर त्यात पैठणी, येवला, साडी, लग्न, शालू असे साठेक शब्द भरले होते आणि त्याचे पैसेही घेतले होते. आपण तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं आहे. त्यावर अजिबात वेळ घालवू नका, आणि त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

टायटल

शोधाच्या निकालात जी निळी ओळ दिसते ती बहुतेक वेळा टायटल टॅगमधून येते. हा टॅग खऱ्या अर्थानं कामाचा आहे. आमच्या सगळ्या पानांचं टायटल 'होम' आणि पुढे दुकानाचं नाव असं होतं. चाळीस पैठण्या आणि चाळीस वेळा 'होम'. दुकानात चाळीस साड्यांच्या घड्यांवर एकच चिठ्ठी लावल्यासारखं झालं.

आता त्या डाळिंबी पैठणीचं टायटल असं आहे: 'डाळिंबी हातमाग पैठणी, नारळी काठ, मोराचा पदर – येवला'. दुकानाचं नाव त्यानंतर. जे वेगळं आहे ते आधी, जे सगळीकडे सारखं आहे ते शेवटी. मोबाइलवर ओळ कापली गेली तर शेपूट जाईल, पण साडी कुठली ते राहील.

टायटल किती अक्षरांचं असावं, याचा आकडा गूगलने ठरवून दिलेला नाही. दाखवताना पडद्याच्या रुंदीप्रमाणे ते कापलं जातं. योस्ट किंवा रँक मॅथसारख्या प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये) अक्षरं मोजणारी पट्टी असते, तिच्यामुळे मराठीत गोंधळ होतो. आपल्याला 'पैठणी' तीन अक्षरांचा शब्द वाटतो. कॉम्प्युटर मात्र मात्रा आणि वेलांटी वेगळी धरून पाच मोजतो. त्यामुळे मोजणीचा आकडा लवकर वर जातो आणि माणूस घाबरून चांगला शब्द काढून टाकतो. पट्टीवर फार विसंबू नका. आपल्या फोनवर शोधून बघा, ओळ कुठे कापली जाते ते दिसेल.

पानावरचा मोठा मथळा आणि टायटल एकमेकांशी जुळते ठेवा. टायटल पानाशी जुळत नाही असं वाटलं तर गूगल पानावरचाच दुसरा मजकूर उचलून निळी ओळ तयार करतं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी ही पद्धत बदलली, तेव्हा कितीतरी दुकानांच्या ओळी रातोरात वेगळ्या दिसायला लागल्या. आमच्या एका पानाचा मोठा मथळा नुसता 'नवीन माल' होता, आणि निकालात तेच दिसत होतं.

लगेहाथ पानाच्या पत्त्याबद्दल. पत्ता देवनागरीत ठेवला तरी गूगलला अडचण नाही. पण तो कॉपी करून कुणाला पाठवला की देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरं होतात. एकट्या 'पैठणी'ची पंचेचाळीस. व्हॉट्सॲपवर असा लांबलचक पत्ता बघून लोक दाबायला कचरतात. म्हणून मी मजकूर मराठीत आणि पत्ता छोटा, इंग्रजी अक्षरांत ठेवते.

डिस्क्रिप्शन

निळ्या ओळीखाली दोन ओळींचा मजकूर येतो, त्यासाठी डिस्क्रिप्शन नावाचा मेटा टॅग असतो. त्यानं पान वर चढत नाही, हे आधी लक्षात घ्या. तो वाचून माणूस आत यायचं की नाही ते ठरवतो. शिवाय गूगल दर वेळी तुमचंच वाक्य दाखवेल असंही नाही. माणसानं काय शोधलं त्याप्रमाणे ते पानातला दुसरा तुकडाही उचलतं. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी हा मजकूर जवळजवळ दुप्पट लांब केला, लोकांनी धावपळ करून सगळी पानं नव्यानं लिहिली, आणि मे २०१८ पर्यंत तो पुन्हा पहिल्याइतका आखूड झाला. म्हणून लांबीच्या मागे न धावता पहिलं वाक्य भरीव लिहायचं.

माझं असं आहे: 'येवल्यात आमच्याच मागावर विणलेली डाळिंबी पैठणी. सोनेरी जरीचा नारळी काठ, पदरावर चार मोर, अंगावर कोयरीची बुट्टी. मागच्या बाजूचा फोटो दिला आहे.' शेवटचं वाक्य मी विचार करून घातलं. पैठणीची पारख असलेलं गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी पदर उलटा करून बघतं. मागच्या बाजूचा फोटो आहे म्हटलं की त्याला विश्वास वाटतो.

प्रत्येक पानाचं डिस्क्रिप्शन वेगळं हवं. तेवढा वेळ नसेल तर दहा महत्त्वाच्या पानांचं लिहा आणि बाकीची रिकामी ठेवा. तेच वाक्य सगळीकडे चिकटवण्यापेक्षा ते बरं.

ऑल्ट टेक्स्ट

इमेजच्या टॅगात 'ऑल्ट' असा एक भाग असतो. फोटो दिसत नसेल तेव्हा त्याच्या जागी वाचायचा मजकूर तिथे लिहितात. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येही तो होता, म्हणजे ही काही नवी युक्ती नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो मोठ्यानं वाचतो. खेड्यात रेंज गेली आणि फोटो उतरला नाही, तर त्या रिकाम्या चौकोनात तोच दिसतो. आणि गूगल तो, आजूबाजूचा मजकूर आणि खुद्द फोटो असं तिन्ही मिळून फोटो कशाचा ते ठरवतं.

आता गूगलला फोटोतलं बरंच ओळखता येतं. साडी आहे, लाल आहे, मोर आहे, एवढं त्याला कळत असेल. मग आपण लिहायचं कशाला? कारण ही साडी काकांनी हातमागावर विणलेली आहे की यंत्रमागावर निघालेली सेमी पैठणी आहे, हे समोरून काढलेल्या फोटोत माणसालाही सांगता येत नाही. काठाला नारळी म्हणतात हे फोटोत लिहिलेलं नसतं. ते विणणाऱ्याला आणि विकणाऱ्याला ठाऊक असतं, आणि आम्ही लिहिलं नाही तर ते कुणीच लिहिणार नाही.

एका साडीचे मी पाच फोटो टाकते. पाचांचा ऑल्ट वेगळा असतो, कारण पाच फोटो पाच वेगळ्या गोष्टी दाखवायला काढलेले असतात.

पूर्ण साडी: 'डाळिंबी रंगाची पैठणी, दोन्ही बाजूंना सोनेरी जरीचा नारळी काठ, अंगावर छोट्या कोयऱ्यांची बुट्टी.'

पदर: 'सोनेरी जरीच्या पदरावर एका ओळीत चार मोर, पिसारे हिरवे आणि निळे.'

काठाचा जवळून फोटो: 'नारळी काठ, चार बोटं रुंद, आतल्या कडेला हिरव्या मुनियांची ओळ.'

मागची बाजू: 'त्याच पदराची मागची बाजू, मोर समोरच्याइतकेच स्वच्छ, एकही धागा लोंबत नाही.'

नेसलेली साडी: 'डाळिंबी पैठणी नऊवारी पद्धतीनं नेसलेली स्त्री, पदर पुढे घेतलेला.'

मागच्या बाजूचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हातमागावर पदराची नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवत विणली जाते, म्हणून ती उलट बाजूनंही जवळजवळ तशीच दिसते. यंत्रावरच्या साडीत मागे सुटे धागे पळालेले असतात. डोळस माणसाला हे एका नजरेत कळतं. नाशिकच्या त्या गृहस्थांना मी फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. साडी हातात आल्यावर त्यांनी पदराच्या दोन्ही बाजूंवर हात फिरवून बघितला आणि मला पुन्हा फोन केला. म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तसंच आहे."

काही गोष्टी अनुभवानं कळल्या. 'फोटो' किंवा 'चित्र' या शब्दानं सुरुवात करू नका, ही इमेज आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. 'पैठणी साडी येवला पैठणी किंमत ओरिजनल पैठणी' अशी माळ ओवू नका. ती ऐकणाऱ्याला छळते, आणि गूगलही अशा भरताडाला चांगलं म्हणत नाही. एक वाक्य, फार तर दोन.

रंगाचं नाव जरूर लिहा. माझी आधी समजूत होती की ज्यांना दिसत नाही त्यांना रंग सांगून काय उपयोग. त्या गृहस्थांनीच ती दूर केली. "समारंभात बायका हिला विचारतील, हा कुठला रंग? त्याला लोक काय म्हणतात ते मला माहीत हवं." तेव्हापासून मी 'पिंक' लिहून मोकळी होत नाही. अबोली असेल तर अबोली, राणी असेल तर राणी, मोरपंखी असेल तर मोरपंखी. लोक शोधतातही याच नावांनी.

कारागिरीचा शब्द आणि साधं वर्णन दोन्ही द्या. एका पदराबद्दल मी लिहिलं होतं, 'गोल नक्षीत मोर'. काकांनी वाचलं आणि म्हणाले, "अगं, बांगडी मोर म्हण की!" आता तिथे 'बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलात बसवलेले मोर' असं आहे. ज्याला नाव माहीत आहे तो नावानं शोधतो, ज्याला माहीत नाही त्याला मोर कसे बसवलेत ते समजतं.

शोभेची चित्रं असतील, म्हणजे दोन परिच्छेदांमधली नक्षी किंवा कोपऱ्यातलं फूल, तर तिथे ऑल्ट रिकामा ठेवा. रिकामा ठेवणं आणि ऑल्ट अजिबात नसणं यात फरक आहे. रिकामा असेल तर स्क्रीन रीडर ते चित्र गुपचूप ओलांडतो. नसेलच, तर तो पुष्कळदा फाइलचं नाव वाचतो, आणि आयएमजी ४४७१ तिथूनच आलं होतं. म्हणून फाइलचं नावही कॅमेऱ्यानं दिलेलं ठेवू नका. चढवण्याआधी रंग आणि काठ यांवरून छोटं नाव द्या.

ज्या चित्रावर दाबलं की कुठेतरी जाता येतं, त्याच्या ऑल्टमध्ये ते कुठे नेतं ते लिहा. आमच्याकडे व्हॉट्सॲपचं हिरवं चिन्ह आहे. त्याचा ऑल्ट 'हिरवं चिन्ह' नसून 'व्हॉट्सॲपवर विचारा' असा आहे.

पाडव्याच्या सवलतीचं पोस्टर लोक फोटो म्हणून टाकतात आणि सगळी माहिती त्या फोटोतच राहते. तारीख, सवलत, दुकानाची वेळ पानावर साध्या अक्षरांत लिहा. पोस्टर हवं तर सोबत असू द्या.

वर्डप्रेसमध्ये मीडिया लायब्ररीत फोटोवर टिचकी मारली की 'ऑल्टरनेटिव्ह टेक्स्ट'ची चौकट उघडते. मी तिथे ऐंशीएक फोटोंचे ऑल्ट भरले आणि मग बघितलं तर जुन्या लेखांत काहीच बदललं नव्हतं. लेखात आधीच घातलेल्या फोटोचा ऑल्ट त्या लेखात साठवलेला असतो, लायब्ररीत बदलून तो बदलत नाही. तो लेख उघडून, फोटो निवडून, तिथेच बदलावा लागतो.

व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक

आमची निम्मी विचारणा मामी-मावशांच्या ग्रुपमधून येते. तिथे लिंक टाकली की जो छोटा फोटो आणि मथळा उमटतो, तो ओपन ग्राफच्या टॅगमधून येतो. फेसबुकनं हे टॅग २०१० मध्ये आणले. त्यात मथळा, वर्णन आणि फोटोचा पूर्ण पत्ता लागतो. पत्ता अर्धवट असेल तर फोटो उमटत नाही. फोटो आडवा, १२०० बाय ६३० पिक्सेलचा आणि हलका ठेवा. साडीचा उभा फोटो दिला की तो मधूनच कापला जातो आणि नेमका पदर जातो. मी पदराचा आडवा फोटो वेगळा काढते. या फोटोसाठीही ऑल्टचा टॅग असतो, तोही भरा.

पानाची भाषा आणि लोकांचे शब्द

वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल' पानावर साइटची भाषा मराठी निवडा. पान मराठी आहे हे गूगल मजकुरावरून ओळखतं, त्याच्यासाठी याची गरज नाही. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर मात्र या खुणेवरून आवाज निवडतो. तिथे इंग्रजी असेल तर आपलं मराठी इंग्रजी आवाजाच्या तोंडी जातं आणि ऐकवत नाही.

लोक कुठल्या शब्दांनी येतात ते गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात 'परफॉर्मन्स'खाली दिसतं, आणि ते फुकट आहे. तिथे बघेपर्यंत मला वाटायचं लोक 'हातमाग पैठणी' शोधत असतील. यादीत 'ओरिजनल पैठणी' आणि 'खरी पैठणी कशी ओळखायची' हे होतं, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेली पैठणी तर चार-पाच स्पेलिंगांनी. सगळी स्पेलिंगं कुठेतरी कोंबू नका. खरी कशी ओळखायची याचं एक नीट पान मी लिहिलं, मागच्या बाजूच्या फोटोंसह. आज सर्वांत जास्त लोक त्याच पानावरून येतात. पान बदललं की सर्च कन्सोलमध्ये त्याचा पत्ता टाकून पुन्हा नोंदणीची विनंती करा आणि थोडे दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून परत टायटल बदलत बसू नका.

शेवटची तपासणी कानांनी करा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक असतं. ते चालू करा, डोळे मिटा आणि उजवीकडे बोट सरकवत आपल्या दुकानाच्या पानातून जा. बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा, कारण टॉकबॅक चालू असताना दाबायची पद्धत बदलते. साडी निवडून, किंमत ऐकून, ऑर्डरच्या बटणापर्यंत पोचता आलं का? मला पहिल्यांदा पोचता आलं नव्हतं. बटणाला नावच नव्हतं.

आता नवी साडी मागावरून उतरली की आम्ही तिचे फोटो अंगणातल्या उजेडात काढतो. काका शेजारी उभे राहून बोलतात आणि मी फोनवर रेकॉर्ड करते. "हा काठ नारळी. ह्यात मुनिया नाहीत हो, तोता-मैना आहे, नीट बघ. बुट्टी विरळ ठेवली मुद्दाम." संध्याकाळी मी ते ऐकून पाच वाक्यं लिहिते, त्यांना वाचून दाखवते, आणि मगच फोटो चढवते.